लालपरीने वेरूळ-अजिंठा: हिवाळी मुक्कामासाठी छत्रपती संभाजीनगर कसे आहे?

तीन रात्री, दोन माणसे, स्वतःची गाडी नाही आणि खर्चाला मर्यादा. एवढ्या अटींत महाराष्ट्रातले कुठले शहर सगळ्यात जास्त देते? आमचे उत्तर छत्रपती संभाजीनगर. एका खोलीचा मुक्काम कायम ठेवून रोज सकाळी एसटीने निघायचे आणि रात्री परत यायचे, असे इथे जमते. त्यातही डिसेंबर-जानेवारी उत्तम. रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, दुपारी २८-३० पर्यंत चढतो. मार्चनंतर हाच कातळ असा तापतो की दौलताबादची चढण नको होते. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतात, पण ढगाळ दिवशी अजिंठ्याच्या चित्रांना उजेड पुरत नाही.

सेवा म्हणून मोजायचे तर वेरूळची एसटी उत्तम, अजिंठ्याची सोसण्याजोगी, शहरातल्या रिक्षा मध्यम. पहाटेच्या गरम पाण्याची मात्र आधी चौकशी करावी लागते.

आधी वार बघा

ही सहल फसते ती बहुतेक वेळा कॅलेंडरवर. वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी. शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून येणारे अजिंठ्याचा दिवस सोमवारी ठेवतात आणि शंभर किलोमीटर जाऊन परत फिरतात. बुधवार ते शुक्रवार किंवा गुरुवार ते शनिवार हे सगळ्यात चांगले तुकडे. सोमवार-मंगळवारच हाताशी असतील तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा. फक्त सोमवारी घृष्णेश्वराला रांग मोठी असते, तेव्हा दर्शन सकाळी आधी उरकावे.

दुसरी अडचण शाळांच्या सहलींची. डिसेंबर आणि जानेवारीत सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात कैलास लेण्याच्या अंगणात शेकडो मुले असतात. मुलांनी लेणी बघायलाच हवीत, पण शांतपणे बघायचे असेल तर तुमची वेळ त्यांच्या आधीची किंवा नंतरची हवी. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा सरळ टाळा. खोल्यांचे भाव चढतात आणि गर्दी दिवसभर राहते.

खोली कुठे घ्यावी

रेल्वे स्थानकाचा परिसर, मध्यवर्ती बसस्थानक आणि सिडको असे तीन पर्याय आहेत. बजेटवाल्यांनी मध्यवर्ती बसस्थानकाजवळच राहावे. वेरूळ आणि अजिंठा दोन्हींकडे जाणाऱ्या गाड्या इथून सुटतात, त्यामुळे पहाटे साडेपाचला रिक्षा शोधावी लागत नाही. रस्त्याचा आवाज फार असतो, म्हणून मागच्या बाजूची खोली मागून घ्या. दोघांची साधी, स्वच्छ खोली साधारण १,२०० ते १,८०० रुपयांत मिळते.

खोली घेण्याआधी दोन प्रश्न विचारायचेच. पहिला, चेक-आउट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? मुंबईहून येणारी देवगिरी एक्स्प्रेस पहाटेच्या काळोखात सोडते, पुण्याहून रात्री निघालेली बसही तशीच. चोवीस तासांच्या पद्धतीत पहाटे पाचला खोली घेतली तर पुढच्या पहाटे पाचपर्यंत तो दिवस तुमचा. दुपारी बाराची पद्धत असेल तर एकतर सात तास लॉबीत बसा नाहीतर जास्तीचे भाडे द्या.

दुसरा प्रश्न गरम पाण्याचा. 'चोवीस तास गरम पाणी' अशी पाटी असली तरी पुष्कळ ठिकाणी ते सोलरचे असते. थंडीत पहाटे नळ सोडला की आधी नळीतले गार पाणी येते, आणि खालच्या मजल्यावर ते बराच वेळ गारच राहते. सहाची गाडी पकडायची असेल तर न्हाणीघरात गीझर आहे का, ते चालू करून बघावे. नसेल तर अंघोळ रात्री परतल्यावर.

तिकीट काढताना शहराचे नवे आणि जुने, दोन्ही नावे टाकून शोधा. काही संकेतस्थळांवर अजून औरंगाबाद म्हणूनच सापडते.

एसटीचा हिशेब

२०२५ च्या जानेवारीतल्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात. वेरूळ साधारण ३० किलोमीटर म्हणजे पाच टप्पे, एका बाजूला पन्नासच्या आगेमागे. अजिंठ्याचा फाटा शंभर किलोमीटरवर, म्हणजे १७०-१८०. महिलांना निम्मे भाडे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावे. घरातले आजी-आजोबा बरोबर असतील तर खासगी सहलीपेक्षा एसटीचा फरक इथेच हजारांत जातो.

'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास नुसत्या या फेऱ्यांसाठी परवडत नाही, कारण वेरूळ-दौलताबादची भाडी मुळातच कमी आहेत. लांबून एसटीनेच येणार आणि एसटीनेच परतणार असाल तर आगारात पासाची किंमत विचारून बेरीज करा. निम्मे भाडे असणाऱ्या महिलांना तो क्वचितच फायद्याचा ठरतो.

वेरूळकडे कन्नड, चाळीसगाव, धुळ्याच्या गाड्या जातात, त्यामुळे फार थांबावे लागत नाही. त्यात भर काळीपिवळीची. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरल्यावरही माणसे घेत राहते. घाईत नसाल तर एसटीच बरी. दौलताबादला जुन्या वेशीतून रस्ता अरुंद होतो आणि तिथे गाड्या अडकतात. रविवारी परतताना अर्धा तास जास्तीचा धरा.

वेरूळ: पूर्ण दिवस द्या

एका दिवसात दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, पाणचक्की आणि मकबरा दाखवणाऱ्या सहली शहरात जागोजागी विकल्या जातात. त्या घेऊ नका. सहा ठिकाणांत वेरूळच्या वाट्याला तास-दीड तास येतो. तेवढ्यात कैलासाची एक फेरी होते आणि बाकीची ३३ लेणी गाडीच्या काचेतून मागे पडतात.

लेणी सकाळी सहाला उघडतात. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसहाची गाडी पुरेशी आहे. तिकीट भारतीयांना ४० रुपये, क्यूआरने भरले तर ३५, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. गाडीतून उतरलात की समोरच कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचे लेणे. आधी तेच बघा, आणि साडेनऊपर्यंत तिथेच राहा.

कैलास कळायला खाली फिरणे पुरत नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर वरून खाली कोरत आणला. आधी चर खणून मधला खडक सुटा केला आणि मग त्याचे देऊळ केले. मागे कड्याची उंची ३० मीटरहून जास्त आहे. कळस आधी झाला आणि जोते शेवटी, ही गोष्ट डोळ्यांनी बघायची तर देवळाच्या बाजूने डोंगरावर जाणारी वाट धरा. पहारेकऱ्याने ती अडवली नसेल तर दहा मिनिटांत वर पोचता येते. सुट्या खडीवरून चपला घसरतात आणि कड्याशी कठडा सगळीकडे नाही. मुलांचा हात सोडू नका.

उजेडाचा एक नियम लक्षात ठेवला की दिवस आपोआप लागतो. वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी लेणी सावलीत असतात आणि शांतही असतात, दुपारनंतर ऊन आत शिरते. म्हणून सकाळी कैलास आणि दहा नंतर दक्षिणेकडची बौद्ध लेणी (१ ते १२). त्यातले १२ क्रमांकाचे तीन ताल वरच्या मजल्यापर्यंत चढून बघाच, बाहेरून ते फारच साधे वाटते. मग १५ क्रमांकाचे दशावतार आणि २१ चे रामेश्वर, जिथे डाव्या हाताला मकरावर उभी गंगा आहे. जैन लेणी (३० ते ३४) कैलासापासून किलोमीटरभराहून लांब आहेत. भर दुपारी डांबरी रस्त्याने चालत जाण्यात काही मिळत नाही, तिकडे जाणारी शटल गाडी घ्या. ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर छताला कोरलेले कमळ आहे. खालूनच परतणारे पुष्कळ जण ते बघत नाहीत.

साडेतीन-चारला १० क्रमांकाच्या सुतार लेण्यात या. लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्यांचे ते छत आणि समोर बसलेला बुद्ध. दर्शनी खिडकीतून येणारी उतरती किरणे थेट आत पोचतात. सगळ्या दिवसात याच्याइतकी सुंदर वेळ नाही.

घृष्णेश्वराचे देऊळ लेण्यांपासून एक किलोमीटरच्या आतच आहे. आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातले, तांबूस दगडाचे. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा-बनियन काढावे लागते आणि मोबाइल आत नेता येत नाही. ओळखीचा कोणी नसेल तर फोन देवळाबाहेरच्या लॉकरमध्येच ठेवा, फुलांच्या दुकानात नको.

दौलताबाद

ज्यांना वेरूळ आणि दौलताबादचा (देवगिरीचा) किल्ला एकाच दिवसात करायचेच आहे त्यांनी किल्ला आधी घ्यावा. सकाळी आठला चढायला लागा, अकराला खाली या, बाराच्या आत वेरूळ गाठा आणि सहापर्यंत तिथे थांबा. खुलताबाद त्या दिवशी सोडून द्यावे लागेल. उलटा क्रम कधीच करू नका, कारण दुपारी तीनला हा चढ थंडीतसुद्धा घाम काढतो.

वर बारादरीपर्यंत जाऊन यायला दोन ते अडीच तास. माणशी एक लिटर पाणी बरोबर हवे. खंदकाचा पूल ओलांडला की अंधारी लागते, म्हणजे डोंगराच्या पोटातून वळत वर जाणारा काळोखा जिना. वटवाघळांचा उग्र वास येतो आणि पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. मोबाइलचा दिवा चालतो, पण एक हात त्यात अडकतो आणि भिंतीला धरायला दुसराच उरतो. डोक्याला बांधायचा छोटा दिवा दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो, तो घेऊन या. वानरे बिनधास्त आहेत. बिस्किटाचा पुडा हातात दिसला की गेला.

खाली उतरल्यावर रस्त्याकडेला हातगाड्यांवर पेरू असतो, इथे त्याला जांब म्हणतात. सीताफळाचा मोसम डिसेंबरात सरत येतो, मिळाले तर घ्याच.

अजिंठा: पहाटेची गाडी नाही तर काहीच नाही

इथे वेळ चुकली की दिवस गेला. सिल्लोडमार्गे जळगावकडे जाणारी एसटी फर्दापूरच्या अलीकडे अजिंठा फाट्यावर उतरवते. रस्ता, सिल्लोडचा थांबा आणि वाटेतले उतारू धरून अडीच ते तीन तास. म्हणून सहाची गाडी. कंडक्टरला 'अजिंठा लेणी, टी-पॉइंट' असे स्पष्ट सांगा. नुसते 'अजिंठा' म्हटले तर गाडी आधी येणाऱ्या अजिंठा गावात उतरवून मोकळी होते, आणि तिथून लेण्यांचा फाटा घाट उतरून पुढे आहे.

फाट्यावर खासगी गाड्या थांबतात. तिथे सुविधा शुल्क भरायचे, दुकानांच्या रांगेतून पुढे जायचे आणि चार किलोमीटरची शटल बस पकडायची. पुढे लेण्यांचे तिकीट वेगळे, तेही ४० रुपये. दोन्हीकडे सुटे पैसे ठेवा, दरीत नेटवर्कचा भरवसा नाही. गारगोट्या आणि स्फटिक विकणारे फाट्यापासूनच मागे लागतात. 'परतताना बघू' म्हटले तर ते तोंडवळा लक्षात ठेवून खरेच परतताना येतात. नको असेल तर तिथेच नाही म्हणा.

क्रम ठरवताना घड्याळ बघा. लेणी नऊला उघडतात. साडेनऊच्या आत पोचलात तर सरळ १ आणि २ मध्ये जा. गर्दी तिथेच साचते आणि आत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. साडेदहानंतर पोचलात तर १ च्या रांगेत उभे राहू नका. थेट टोकाला २६ पर्यंत चालत जा आणि उलटे या. २६ मध्ये डाव्या भिंतीशी सुमारे सात मीटर लांबीचे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे (अखेरच्या क्षणी पहुडलेल्या बुद्धाचे) शिल्प आहे. २४ अपुरे सोडलेले आहे, तिथे कोरीवकाम कसे पुढे सरकत असे ते उघडे दिसते. १९ चे दर्शनी रूप आणि १७ मधल्या जातककथांच्या (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींच्या) भिंती यांना सगळ्यात जास्त वेळ द्या. १० क्रमांकाचे लेणे इथल्या सगळ्यात जुन्यांपैकी, इसवी सनापूर्वीचे. २८ एप्रिल १८१९ ला शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव तिथल्या खांबावर कोरून ठेवले आहे. ते आज डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात माती भरलेली होती.

चित्रे दिसत नाहीत ही बहुतेकांची तक्रार, आणि तिचे कारण घाई. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला तीन-चार मिनिटे लागतात. तेवढ्यात माणसे बाहेरही पडलेली असतात. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणि, उजव्या हाताला वज्रपाणि, ही दोन बोधिसत्त्वांची चित्रे. त्यांच्यासमोर न बोलता उभे राहा, मग मोती, डोळ्यांच्या कडा, मागचे हिरवे डोंगर एकेक करून वर येतात. फ्लॅश आणि टॉर्च वापरू नका. माती, तूस आणि शेणाच्या गिलाव्यावरचा हा रंग दीड हजार वर्षे टिकला तो अंधारामुळेही.

चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि जानेवारीत सकाळी तिथली फरशी बर्फासारखी गार असते. जाड मोजे घाला. बूट लेसचे नकोत, दिवसात सात-आठ वेळा काढायचे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात. भाडे आणि किती लेणी, दोन्ही चढण्यापूर्वी ठरवा.

पाय शाबूत असतील तर वाघूर नदी ओलांडून समोरच्या टेकडीवर चढा. नालेच्या आकाराचा सगळा कडा एका नजरेत येतो. वर जायला तीस-चाळीस मिनिटे.

चौघे असाल तर अजिंठ्यापुरती भाड्याची गाडी करणे शहाणपणाचे. साडेतीन-चार हजारांचा खर्च चौघांत वाटला तर एसटीच्या अडीच-तीनपट पडतो, पण परतीची उभ्याने तीन तासांची शिक्षा वाचते. वेरूळसाठी मात्र गाडीवर पैसे घालवू नका.

शहरात उरलेला दिवस

बीबी का मकबऱ्याला ताजमहालाची नक्कल म्हणून लोक नाक मुरडतात. ते अन्यायाचे आहे. संगमरवर भिंतींच्या खालच्या भागापुरता आणि घुमटाला, बाकी चुन्याचा गिलावा, आणि त्या गिलाव्यावरची नक्षी जवळून बघण्याजोगी आहे. तिकीट २५. तिथून पुढे विद्यापीठामागच्या डोंगरात शहराची स्वतःची लेणी आहेत, तिथेही २५. वेरूळ-अजिंठ्याच्या नावाखाली ती झाकली गेली. ३ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले भक्तांचे जवळपास माणसाएवढे पुतळे आहेत, ७ मध्ये नृत्याचा शिल्पपट. उतरताना गोगाबाबा टेकडीवर सूर्यास्त, फुकट. पाणचक्कीला अर्धा तास पुरे.

जेवणात दोन गोष्टी इथल्याच. एक नान-कलिया: हळदीच्या पिवळ्या रंगाचा मोठा तंदुरी नान आणि सोबत मसालेदार रस्सा. शहागंज-सिटी चौकाच्या बाजूला मिळतो. मटणाचाच हवा असेल तर आधी विचारा. दुसरी हुरडा. डिसेंबरच्या मध्यापासून शहराबाहेरच्या शेतांवर कोवळी ज्वारी शेणाच्या गोवऱ्यांत भाजून, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दह्याबरोबर देतात. दर माणशी ठरलेला असतो. त्यात जेवण धरले आहे का ते फोनवरच विचारा.

रिक्षावाला आपणहून 'हिमरू फॅक्टरी दाखवतो' म्हणाला तर त्यात त्याचे कमिशन असते. हातमागाचा हिमरू, म्हणजे इथले नक्षीदार कापड, उभा धागा सुती आणि आडवा रेशमी असा विणतात. पैठणी घेणार असाल तर काठ उलटून बघा, हातमागावर नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी निघते. मागे मोकळे धागे लोंबत असतील तर ती यंत्राची.

दोघांचा खर्च असा येतो: तीन रात्रींची खोली ४,५००, एसटी हजाराच्या आत, लेणी-किल्ल्यांची तिकिटे ३१०, अजिंठ्याचे शुल्क आणि दोन्हीकडच्या शटल मिळून तीनशे, जेवणखाण ४,०००, रिक्षा ८००. म्हणजे अकरा हजारांच्या आसपास, गावाहून येण्याजाण्याचे भाडे सोडून. लोणार यात बसवू नका, एसटीने एका दिवसात ते धावपळीचे होते. चौथा दिवस असेल तर ५० किलोमीटरवरचे पैठण घ्या. तिथल्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, थंडीत पाहुणे पक्षी येतात.

सामान एका पाठपिशवीत मावत असेल तर अजिंठा शेवटच्या दिवशी ठेवा आणि संध्याकाळी माघारी न येता तीच पुढची एसटी धरून साठ किलोमीटरवरचे जळगाव गाठा. मुंबईच्या गाड्या तिथून भरपूर आहेत, आणि थंडीत जळगावात हिरव्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते. गाडी रात्रीची काढा, म्हणजे जेवायला वेळ उरतो.